वेचणीच्या दिवसांतली हजेरी

गेल्या आठवड्यापासून आमच्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो माझ्याकडं जरा काळजीनं पाहील, पण हिंगणघाटच्या आसपास राहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. खेड्याखेड्यांतून कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंगकडं निघतात, खच्चून भरलेल्या, दोन्ही अंगांनी फुगलेल्या. रस्त्याकडेची बाभूळ जाता-येता त्यांच्या अंगावरचा चिमूट-चिमूट कापूस ओढून घेते. डिसेंबर सरेपर्यंत झाडं पांढरी होऊन जातात. मी रोज याच रस्त्यानं स्कूटरवरून शाळेत जातो. हेल्मेटच्या काचेवर एखादा पुंजका येऊन चिकटतो, तो काढायला थांबलं की शेजारच्या तुरीतून ओला, हिरवट वास येतो. कुठं तरी शेकोटी विझत असते. हे दिवस मला वर्षातले सगळ्यात लाडके होते. अजूनही आहेत, पण पूर्वीसारखे बिनघोर नाहीत.

मी शिक्षक आहे, नदीपलीकडच्या एका गावात दहावीला मराठी शिकवतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ती माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही रोज तिथंच जायचं असतं. नोकरी शिक्षकाची असली तरी गळ्यात कॅमेरा असतो, आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी खेड्यातल्या जगण्याबद्दल लिहितो. फोटो माझाच, मजकूरही माझाच. बायको या तिहेरी संसाराला कंटाळलेली आहे. लोकांचे दोन दगडांवर पाय असतात, तुमचे दगड तीन आणि पाय मात्र दोनच, असं ती पाहुण्यांसमोर सांगते आणि पाहुणे हसतात. मीही हसायचो. तिचं म्हणणं किती खरं आहे ते मला चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात कळलं.

वेचणीचे दिवस फोटो काढणाऱ्याला वेड लावतात. ऊन तिरपं आणि मऊ असतं, दुपारीसुद्धा डोळ्यांवर येत नाही. पहिल्या वेचणीला बाया शेताच्या एका कोपऱ्यात दहीभात ठेवतात, त्याला सीतादही म्हणतात. तो पांढरा भात, तो पांढरा कापूस आणि त्यातून हिंडणारे ते काळेसावळे हात मी किती वेळा टिपले असतील कोण जाणे. बाया साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं गुंडाळतात आणि कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतात. वेचलेला कापूस ओटीत जातो. दुपारपर्यंत प्रत्येक बाई दिवस भरल्यासारखी दिसायला लागते आणि त्यावरून शेतात बरीच थट्टा चालते. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात. हे मला लेन्समधून पाहून माहीत होतं, माझ्या बोटांना माहीत नव्हतं.

या दिवसांत दहावीच्या वर्गाची मागची बाकं रिकामी व्हायला लागतात. आधी एक मुलगी येत नाही, मग तिच्या शेजारची येत नाही. कुणाला विचारावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मजूर मिळत नाहीत, कापूस फुटून लोंबायला लागलेला असतो, आणि आईच्या जोडीला आणखी दोन हात असले तर ओळ लवकर उरकते. मुलं क्रिकेटपायी दांडी मारतात, मुली वेचणीपायी. मुलांना आम्ही रागावतो. मुलींच्या बाबतीत मात्र माझं मन विरघळायचं.

त्या वर्षी ममता माझ्या वर्गात होती. ममता कुमरे. गावाच्या टोकाला चार-पाच गोंडांची घरं आहेत, त्यातलं एक तिचं. घरात ती आणि तिची आई, दोघीच. वर्गात तिचा आवाज क्वचित ऐकू यायचा, पण निबंध ती असा लिहायची की मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचो. ‘आमच्या घरी दोन भाषा आहेत. एकीत आई रागावते आणि दुसरीत सर रागावतात,’ असं तिनं एकदा लिहिलं होतं. ते वाचून मी ठरवून टाकलं की या मुलीवर आपण कधी रागवायचं नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

परीक्षेला बसायचं तर शंभरातले पंच्याहत्तर दिवस हजेरी लागते. वेचणी सुरू झाली आणि ममता आठवड्यातून एखादा दिवस दिसायला लागली. हजेरीपट माझ्याच हातात होता. तिचं नाव पुकारलं की वर्ग गप्प राही, मी चष्म्यावरून एकदा रिकाम्या बाकाकडं पाही आणि हजर अशी खूण करून पुढच्या नावाकडं वळे. मुली एकमेकींकडं पाहून हळूच हसायच्या. मलाही आतून बरं वाटायचं. गरिबाच्या लेकीचं वर्ष वाचतं आहे, आपल्या पेनातली थोडी शाई खर्च होते आहे, यात कुणाचं काय बिघडलं? खरं सांगायचं तर मी स्वतःवर फार खूश होतो.

मग तो मंगळवार आला. सकाळची हजेरी घेतली, ममताच्या नावापुढं हजर लिहिलं, पहिला तास घेतला, आणि मतदारयादीच्या कामासाठी गावात निघालो. मास्तराच्या गळ्यात अशी कामं असतातच. कॅमेरा सोबत होता. दुपारी बाराच्या सुमाराला गावाबाहेरच्या शेताच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी आलो तर समोरच्या ओळीत ममता. अंगात मळकट निळा शर्ट, ओटी पोटाशी टम्म फुगलेली, केसांत कापसाच्या तंतूंची जाळी. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि ती हसली. मी तिला कधीच असं हसताना पाहिलं नव्हतं. पूर्ण चेहरा उजळून निघाला होता. मी भराभर सहा-सात फोटो घेतले. ती तशीच उभी राहिली होती, काही तरी ऐकायला उभं राहावं तशी. मी हात हलवला, छान, म्हणालो, आणि यादी काखोटीला मारून पुढं गेलो.

दीड तासापूर्वी मीच या मुलीला हजर लावलं आहे, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तसंच झालं. हजेरी लावणारा मास्तर शाळेत राहिला होता आणि शेतात फक्त फोटोग्राफर आला होता.

त्याच रात्री लेख लिहून टाकला. मी मुलांना नेहमी सांगतो की लिहिताना मोघम लिहू नका, वार सांगा, वेळ सांगा, जागा सांगा, म्हणजे वाचणारा तिथं जाऊन उभा राहतो. स्वतःचा धडा स्वतः गिरवला. मंगळवारची दुपार, बाराचं ऊन, धुऱ्यावरची तूर, आणि दहावीत शिकणारी ममता, कष्टातही हसणारी. त्या हसण्यावर मी एक आख्खा परिच्छेद खर्च केला. लेख रविवारी छापून आला, फोटो पाव पान भरून. वर्ध्याहून, नागपूरहून फोन आले. रोहण्याच्या एका वाचकानं सांगितलं की फोटो कापून देवघराशेजारी लावला आहे. अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी बायकोनं तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची आमटी केली होती, तीही नेहमीपेक्षा चविष्ट लागली. संध्याकाळी मुद्दाम अंक घेऊन ममताच्या घरी गेलो. तिनं फोटो पाहिला, लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला. चांगला आला, एवढंच म्हणाली. मी त्याला लाजणं समजलो.

सोमवारी आमच्या मुख्याध्यापक मॅडमनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर एका बाजूला पुरवणी उघडी होती आणि दुसऱ्या बाजूला माझा हजेरीपट. मॅडम आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एक बोट मंगळवारच्या रकान्यावर ठेवलं, दुसरं फोटोवर.

“सर, यातलं खरं कोणतं?”

सकाळीच गावातला एक पालक अंक घेऊन आला होता, हे त्यांनी मग सांगितलं. त्याच्या मुलीला आदल्या वर्षी हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसता आलं नव्हतं. तीही वेचणीलाच जायची. पण तिचे वर्गशिक्षक दुसरे होते आणि त्यांचं पेन माझ्यासारखं दयाळू नव्हतं. माझ्या पोरीले एक न्याय आणि या पोरीले दुसरा काऊन, एवढंच त्यानं विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, फोटो खरा असेल तर हजेरी दुरुस्त करावी लागेल, आणि मग ममताचे दिवस कमी भरतील. हजेरी खरी असेल तर तसं लेखी द्या. विचार करून उद्या सांगा.

विचार करायला काय, तो मी स्कूटर चालू करेपर्यंत करूनही टाकला होता. फोटो आदल्या रविवारचा, सुट्टीच्या दिवसाचा आहे, लिहिताना वार चुकला, असं दोन ओळींत लिहून दिलं की संपलं. मीही सुटतो, ममताचं वर्षही वाचतं. नुकसान फक्त एका वाराचं होतं, आणि वार काही तक्रार करायला येत नाही. एकच काम उरलं होतं. कुणी विचारलंच तर माय-लेकींनीही रविवारच सांगायला हवा होता.

संध्याकाळी गेलो तेव्हा ममताची आई नुकतीच शेतातून आलेली होती. अंगणात खाटेवर मला बसवलं. ती हात धूत होती आणि धुतल्यावर बोटं पदरानं हलकेच टिपत होती, दाबून पुसत नव्हती. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, कुणी विचारलं तर तो रविवार होता म्हणून सांगा. आईनं मान डोलावली. तिच्या लेखी वार हा काही भांडायचा विषय नव्हता. दोघी आपसांत गोंडीत काही बोलल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण आईचा आवाज खाली आला आणि लेकीचा वर गेला हे कळलं. मग ममता माझ्याकडं वळली.

“रविवार असता त मी हासली नसती, सर.”

मी विचारलं, म्हणजे काय?

“त्या दिवशी तुमाले पाह्यलं अन् वाटलं, बरं झालं, सरनं पाह्यलं. आता सर आईले बोलतीन, उद्यापासून शाळेत बलावतीन. म्हणून हासली. तुमी फोटो काढला अन् चालले गेले.”

ज्या हसण्यावर मी परिच्छेद लिहिला होता, ज्याला लोकांनी देवघराशेजारी जागा दिली होती, ते हसू माझ्यासाठी होतं. मला बोलवायला आलेलं होतं. मी ते घेतलं आणि निघून गेलो.

आईला वाटलं असावं की लेक सरांना काही तरी उलट बोलली. ती समजुतीनं पुढं झाली. तिच्याकडून कळलं, ममताच्या बाकाशेजारची मैत्रीण रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायची, सरांनी आजही तुला हजर लावलं म्हणून.

“म्या म्हनलं, सरले समदं माहीत हाये,” आई म्हणाली. “हजर लागून राह्यली त मंग कायले धाडू? नाव कटलं असतं त एक दिवसबी ठेवली नसती मी तिले घरी.”

यात टोमणा नव्हता. ती माझे आभारच मानत होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ज्याला मी दया समजत होतो ती रोज सकाळी साडेदहाला या मुलीला शेतात नेऊन सोडत होती. ममता घरी आईशी भांडत असेल, नाव कापलं जाईल म्हणून सांगत असेल, आणि संध्याकाळी मैत्रीण येऊन तिचं म्हणणं खोटं पाडत असेल. तिच्या हातातली एकुलती एक धमकी मी काढून घेतली होती. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. हजर लिहिणं सोपं होतं. ते लिहिलं की माझं काम संपत होतं. गैरहजर लिहिलं असतं तर या अंगणात यावं लागलं असतं.

“उद्यापासून मले गैरहजर लावा,” ममता म्हणाली. मी तिला सांगितलं की खरं लिहिलं तर कदाचित परीक्षेला बसता येणार नाही. ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली.

“आतापासून रोज आली तरी?”

मॅडमना विचारून सांगतो म्हणालो आणि उठलो. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तीन दगडांचं काही बोलली नाही. माझ्यासमोर कागद आणून ठेवला आणि म्हणाली, लिहून टाका, जेवण मग वाढते.

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं. फोटो खरा आहे, हजेरी मी खोटी लावली आहे, मुलीचा आणि तिच्या आईचा यात दोष नाही. तांबड्या पेनानं एकेक रकाना दुरुस्त केला, प्रत्येकाखाली सही केली. पान वाचता येईना इतकं लाल झालं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. ती व्हायलाच हवी होती. मॅडमनी एक वाट दाखवली. योग्य कारण असेल तर कमी हजेरीबद्दल सवलतीचा अर्ज वर पाठवता येतो, पालकाच्या सहीनं. कारण खरं लिहावं लागतं. म्हणजे जे लपवण्यासाठी मी इतका खटाटोप केला, तेच तिच्या कामाचं होतं. ममताच्या आईनं अर्जावर सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढून. त्या पालकाकडंही मी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग माह्या पोरीचाबी असा अर्ज झाला असता न?” झाला असता. तसं त्याला सांगताना मला खाली पाहावं लागलं. त्याची मुलगी त्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणार होती, तेवढाच आधार.

हाती घेतलेलं शेत वेचून संपवायचं होतं म्हणून ममता आणखी तीन दिवस आली नाही. मी तिन्ही दिवस गैरहजर लिहिलं. वर्गातल्या मुली चमकून माझ्याकडं पाहत होत्या. शुक्रवारी ती आली आणि मग परीक्षेपर्यंत एकही दिवस चुकली नाही. आईची वेचणी त्या वर्षी महिनाभर लांबली. सवलत मंजूर झाल्याचा कागद यायला फार उशीर लागला. तोवर ममतानं मला अभ्यासाचं सोडून दुसरं काही विचारलं नाही आणि मीही तिच्याशी डोळा मिळवत नव्हतो. कागद आला तेव्हा मॅडमनी तिलाच ऑफिसात बोलावून तो वाचायला दिला. तिनं तो दोनदा वाचला.

आता ती वर्ध्याला नर्सिंग शिकते. हे सगळं मी आजवर कधी लिहिलं नव्हतं. यंदा बाभळी पांढऱ्या झाल्या आणि राहवेना, म्हणून तिला फोन करून विचारलं, लिहू का? या खेपेले आधी वाचून दाखवा, म्हणाली. वाचून दाखवलं. तिनं दोन जागी मला थांबवलं, माझं स्वतःला बोल लावणं जरा जास्त होतं आहे म्हणाली, ते मी कमी केलं. मग मी तिला म्हणालो की यंदाही दोन मुली येईनाशा झाल्या आहेत, त्यांच्या आयांना काय सांगू, शिक्षणाचं महत्त्व कसं समजावू?

“महत्त्व त्याइले माहीत हाये, सर,” ती म्हणाली. “तुमी फक्त जाऊन सांगा का पोरगी आज गैरहजर होती.”

परवा शाळा सुटल्यावर त्यातल्या एकीच्या घरी गेलो. नाल्यापलीकडचं घर, वाटेवर तुरीच्या फांद्या अंगाला घासत होत्या. आई दारातच भेटली, कमरेची ओटी अजून सुटलेली नव्हती. सर दारात आले म्हणून ती गडबडली. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, तुमची पोरगी आज गैरहजर होती. कालही नव्हती, परवाही नव्हती.

तिनं ओटीची गाठ सोडायला घेतली.

“आजवर कोनी सांगाले आलंच नाई,” ती म्हणाली.